बिलाआधी पैसे भरणारी बाई

माझी धाकटी जाऊ पुष्पा हिच्याबद्दल जळगावच्या पिंप्राळ्यात कुणालाही विचारा, चांगलंच सांगतील. मला विचारलंत तर मीही चांगलंच सांगेन, फक्त मला थोडा वेळ लागेल. चौदा वर्षं आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतो, त्यातली आठ वर्षं एका चुलीपुढे बसतो. एवढ्या काळात तिच्या कुठल्या ना कुठल्या गोष्टीवरून माझा जीव जळला नाही, असा आठवडा गेला नसेल. हे तोंडाने कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आधी ती कोण ते सांगते. भडगावकडची, गिरणाकाठच्या एका खेड्यातली. शाळा चौथीपर्यंत, तीही घरात गुरं राखायला दुसरं कुणी असलं तर. १९८५ साली माझा धाकटा दीर अभिमन याची बायको म्हणून या घरात आली, तेव्हा मला इथे येऊन सहा वर्षं झाली होती. मी धुळ्याची. खेड्यातली नव्हे, गल्ली नंबर असलेल्या भागातली. दहावीपर्यंत शिकलेली. इंग्रजीत नापास झाले, पण अक्षरं येतात, पाकिटावरचा पत्ता वाचता येतो. सासऱ्यांनी, म्हणजे झिपरू आबांनी, घरातले सगळे कागद माझ्या हवाली केले होते. लाइटबिल आलं की कमल वाच, तहसीलचा कागद आला की कमल वाच. पुष्पा मला अक्का म्हणते आणि तू म्हणते. तिच्या गावाकडे तसंच बोलतात. मला ते पहिल्या दिवसापासून खटकलं आणि मी एकदाही बोलून दाखवलं नाही.

आबा गेले आणि पुढच्या वर्षी शेजारच्या इंदिराबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. मांडे करायला ठरवलेली बाई ऐन वेळी आजारी पडली. खापरावरचे मांडे म्हणजे पोळपाट-लाटण्याचं काम नव्हे. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठा करायचा, पार कोपरापर्यंत न्यायचा आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. फाटला की गेला. वऱ्हाड दारात आणि मांडे करणारं कुणी नाही, तेव्हा पुष्पा पदर खोचून चुलीपुढे बसली. पहिलाच मांडा असा उतरला की त्यातून पलीकडचा जाळ दिसत होता. एकशे वीस मांडे केले तिने आणि एकही फाटला नाही. मी तिच्यामागे कणीक तिंबत होते. बायका येऊन येऊन तिचे हात बघत होत्या. माझे हात कणकेत होते, ते कोण बघणार.

तिथून ऑर्डरी सुरू झाल्या. लग्नं, बारशी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींसाठी आमरसाबरोबर मांडे, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून साहेबांच्या बायकांचे निरोप. पुरण माझं, कणीक माझी, मांड्यांबरोबरच्या तिखट आमटीचा, रशीचा, मसाला माझा. मांडे तिचे. पैसे आम्ही सारखे वाटून घ्यायचो, त्यात तिने कधी पैशाची खोट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, मला भांडायला कारण मिळालं असतं. लोक दारात यायचे ते माझ्याच दारात, कारण माझं दार रस्त्याकडे. यायचे आणि म्हणायचे, मावशी, पुष्पाबाई कुठे राहतात? मी बोट दाखवायचे. माझं नाव कुणी विचारलं नाही. एकदा एका लग्नपत्रिकेच्या मागे कामांची यादी लिहिलेली पाहिली. त्यात लिहिलं होतं, पुष्पाबाई मांडेवाल्या आणि सोबतची बाई.

आता कार्डाचं सांगते.

१९९६च्या आखाजीच्या सुमारास एका नव्या बँकेतल्या साहेबांच्या घरी आम्ही मांडे केले. साहेब पुण्याकडचे, तरुण, बोलायला गोड. जेवण झाल्यावर मागच्या अंगणात आले आणि पुष्पाला विचारू लागले की बाई, तुम्ही पैसे ठेवता कुठे. ती म्हणाली, पोस्टात थोडे आणि डब्यात थोडे. साहेबांनी तिला समजावलं. दहा हजार रुपये वर्षासाठी बँकेत ठेव म्हणून ठेवायचे. त्या ठेवीच्या आधारावर बँक तुमच्या नावाचं एक कार्ड देईल. त्या कार्डावर दुकानातून आठ हजारांपर्यंत माल घ्यायचा आणि महिन्याने बिल आलं की भरायचं. वर्षभर बँकेला तुमचा व्यवहार नीट दिसला की बँक तुम्हाला मोठं, नेहमीचं कार्ड देईल. त्याला ठेव लागत नाही, म्हणजे दहा हजारही मोकळे होतील. हे पहिलं कार्ड म्हणजे नुसती सुरुवात, असं ते म्हणाले.

घरी अभिमन हसला. आपलेच पैसे बँकेत अडकवायचे आणि त्यावर आपणच उधार घ्यायचं, हा कुठला धंदा, असं त्याचं म्हणणं. माझे मालक सुकदेव डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर आहेत, त्यांनाही ते पटलं नाही. मी तर कंबर कसून विरोध केला. गोरगरिबांनी असल्या फंदात पडू नये, असं मी तीनदा सांगितलं. माझ्या पोटात काय होतं ते मला माहीत होतं. दहा हजार माझ्याकडेही जमले असते, पण ते मी पोरींच्या कानातल्यांत आणि घराच्या फरशीत घातले होते. शिवाय साहेबांनी अंगणात दोघी बसलेल्या असताना विचारलं होतं फक्त तिला.

पुष्पा ऐकून घेते आणि आपल्या मनाचं करते. तिने ठेव ठेवली.

कार्ड रजिस्टर्ड पोस्टाने आलं तेव्हा ती भुसावळला गेली होती. पाकीट दुपारभर माझ्या मांडीवर होतं. बोटांनी चाचपलं की आतली अक्षरं लागायची, उठावाची. ती आली, हातपाय धुतले, कुंकू नीट केलं, मगच पाकीट फोडलं. निळं, गुळगुळीत कार्ड आणि त्यावर इंग्रजीत उठावाचं नाव. मी वाचलं, पुष्पाबाई अभिमन सोनवणे.

"अक्का, हाई मनं नाव शे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तुझंच आहे.

"आखो एकदाव वाच."

मी पुन्हा वाचलं. ती डोळे मिटून अक्षरांवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली की रेशनकार्डावर नाव आहे ते त्यांच्याखाली, घर त्यांच्या नावावर, लाइटबिल अजून आबांच्या नावावर, हे एवढंच माझं. मी म्हटलं, हो. माझ्या नावाचं काय आहे याचा विचार करत मी माझ्या घरात आले आणि त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घातलं.

जळगावात तेव्हा कार्ड घेणारी दुकानं बोटावर मोजण्याइतकी होती. साडीचं एक, दोन सराफ, एक हॉटेल आणि स्टेशनच्या रस्त्यावरचं एक मोठं किराणा दुकान. पुष्पा दर महिन्याला त्या किराणा दुकानात तुपाचा डबा घ्यायची. मालक ते कार्ड एका लोखंडी यंत्रात ठेवायचा, वर कागद ठेवायचा आणि दट्ट्या खर्रकन सरकवायचा. मग पुष्पा सही करायची. एकेक अक्षर सावकाश, पुष्पाबाईतला उकार आणि काने नीट बघून. तिची सही होईपर्यंत मालक तिला स्टूल द्यायचा. मी तुपाचा डबा धरून उभी.

खरी गंमत पुढे होती. तिला उधारीचा माल घरात असला की चैन पडत नसे. तिच्या आईने म्हणे कुणाकडून मीठ उसनं आणलं तरी ते दिवस मावळायच्या आत परत केलं होतं. म्हणून तूप आणलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुपाच्या किमतीचे पैसे मोजून माझ्या हातात द्यायची आणि बँकेत भरून ये म्हणायची. तिला चुलीपासून उठता येत नसे, आणि चलन इंग्रजीत असल्यामुळे ते मीच भरायचे. बिल यायला अजून तीन आठवडे असायचे. मग महिनाअखेर बँकेचा कागद यायचा, त्यावर खाली ठळक लिहिलेलं असायचं, देणे शून्य. ते शून्य बघून पुष्पा खूश व्हायची. सगळे शून्याचे कागद तिने देवांच्या मागे पत्र्याच्या डब्यात घडी करून ठेवले होते. बँकेने आपल्याला पैकीच्या पैकी दिले, असं तिला वाटायचं.

चौथ्या का पाचव्या महिन्यात मी पैसे भरायला गेले तेव्हा साहेबांनी मला टेबलापाशी बोलावलं. खुर्ची दिली. म्हणाले, तुमच्या जाऊबाईंना एक निरोप द्याल का? त्या बिल येण्याआधीच पैसे भरतात. त्यामुळे वरच्या ऑफिसच्या कागदावर दर महिन्याला देणं शून्यच दिसतं. त्या उधार घेतात आणि वेळेत फेडतात, हे कुणाला दिसतच नाही. त्यांना सांगा, बिल येऊ द्या आणि मग मुदतीच्या आत भरा. पाच-सहा महिने तसं दिसलं की वर्षाच्या शेवटी मोठं कार्ड नक्की. नाहीतर अवघड आहे.

मी म्हटलं, सांगते.

बँकेतून पिंप्राळ्यापर्यंत मी चालत आले. रिक्षा मिळत होत्या, तरी चालत आले. फाटकापाशी मालगाडी जात होती, तिथे उभी राहिले आणि डबे मोजले. घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं असं नाही. मी ठरवलं काहीच नाही. पुष्पा ओट्यावर बसून डाळ निवडत होती. तिने विचारलं, भरले? मी म्हटलं, भरले. तिने विचारलं, साहेब काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही, चहा विचारला.

उद्या सांगेन, असं मी त्या दिवशी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी गाडी घेऊन आलं, खास पारोळ्याहून, पुष्पाबाईंची तारीख मागायला. लग्न तिच्या तारखेवर ठरवायचं होतं. त्या माणसाने मला पाणी मागितलं आणि रिकामा पेला माझ्या हातात देऊन तिच्या दाराकडे गेला. मग मी सांगितलंच नाही. पुढचे सगळे महिने तिचे पैसे मी नेऊन भरत राहिले, बिलाच्या आधी, चलन सुवाच्य अक्षरात लिहून. साहेब एकदा म्हणाले, सांगितलं का हो? मी म्हटलं, सांगितलं, पण तिचं तिच्या मनावर आहे.

वर्ष संपलं आणि बँकेचं पत्र आलं. तिने ते न फोडता माझ्याकडे आणलं. मी वाचलं. पत्र सरळ होतं. नेहमीच्या कार्डासाठी पुरेसा व्यवहार दिसत नाही, तरी सध्या ते देता येत नाही. ठेवीवरचं कार्ड हवं असेल तर वर्षाची फी भरून चालू ठेवा, नको असेल तर कार्ड परत करा आणि ठेव घेऊन जा. मी एक अक्षरही इकडचं तिकडे केलं नाही. खोटं असं मी काही बोललेच नाही, ही गोष्ट मी नंतर स्वतःला कितीतरी वेळा सांगितली आहे.

पुष्पाला समजेना. म्हणाली, आपण तर कधी उशीर केला नाही. मी म्हटलं, मोठ्या लोकांचं असंच असतं.

नेमकं त्याच महिन्यात पिंप्राळ्याच्या मुख्य रस्त्यावर एक गाळा रिकामा झाला. पुढे ओटा, मागे चुलीला जागा, वर धूर जायला वाट. मांड्यांसाठी याहून चांगली जागा मिळाली नसती. गाळ्याच्या मालकाला अनामत दहा हजार हवी होती आणि ती आखाजीच्या आत. मोठं कार्ड मिळालं असतं तर ठेव मोकळी होऊन गाळाही झाला असता आणि कार्डही राहिलं असतं. आता दोहोंतलं एकच. गाळा घ्यायचा तर कार्ड बंद करायचं.

आठ दिवस तिचा निर्णय होईना. मांडे करताना तिचे दोन फाटले, ते मी पहिल्यांदा पाहिलं. एकदा तिने नवं खापर चुलीवर चढवलं होतं. नवं खापर लगेच कामाला येत नाही. त्याला मंद जाळावर तापवायचं, तेल पाजायचं, चार-सहा दिवस चुकतमाकत मांडे टाकायचे. तोवर ती शेजारच्या चुलीवर जुनंच खापर वापरते. जाळ सारत ती म्हणाली, "नवं खापर शिकाले टाइम लागस, अक्का. तोपर्यंत जुनं फोडानं नही." तिच्या मनात होतं की एक वर्ष फी भरून कार्ड ठेवावं, पुढच्या वर्षी बँक देईल. गाळा काय, दुसरा मिळेल.

मी म्हटलं, "नवं येणारच नसेल तर जुनं कुणासाठी सांभाळतेस? तुझ्याच पैशांवरचं कार्ड ते. त्यात बँकेने तुझी काय पत मानली? बंद कर आणि गाळा घे."

तिने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तू शिकेल शे, अक्का. तू सांगस ते बराबरच ऱ्हाई."

तिच्यासोबत बँकेत मीच गेले. साहेबांची बदली झाली होती, दुसरे कुणीतरी होते. त्यांनी फॉर्मवर सही घेतली, टेबलाच्या खणातून कात्री काढली आणि कार्डाचे दोन तुकडे केले. कात्री नावाच्या मधून गेली. पुष्पाने विचारलं, ते तुकडे मला मिळतील का? ते म्हणाले, बाई, तसा नियम नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि ठेवीचे पैसे मोजून घेतले. खरं सांगते, मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की घरी आल्यावर मी शिरा केला आणि तिच्या घरीही वाटीभर दिला.

गाळा झाला. भाडेकरार अभिमनच्या नावावर, कारण गाळ्याच्या मालकाला सहीला पुरुष माणूस हवा होता. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा आमच्या दोघींच्या मालकांनी ठरवलं की वडिलांचं नाव द्यायचं. आमच्याकडे तीच रीत आहे. ‘कै. झिपरू आबा मांडे केंद्र’, खाली ‘प्रो. अभिमन सोनवणे’. पुष्पा पाटीखाली उभी राहून म्हणाली, चांगली झाली. मला वाचायला सांगितलं नाही.

मला वाटलं होतं, आता माझा जीव शांत होईल. झाला नाही. दुकान धो धो चाललं. दुपारी बारापासून ओट्यावर लोक. पाटीवर कुणाचंही नाव असो, विचारायचे पुष्पाबाईंनाच. मग माझ्या डोक्यात कार्ड शिरलं. तिच्याजवळ नसलेली एक तरी गोष्ट माझ्याजवळ असावी आणि तिने ती बघावी, एवढंच मला हवं होतं. सुकदेवांच्या बोनसमध्ये माझे वाटणीचे पैसे घालून मी दहा हजार केले आणि १९९८च्या जानेवारीत त्याच बँकेत ठेव ठेवली. पुष्पाला सांगितलं नाही. कार्ड आलं, कमलबाई सुकदेव सोनवणे. दर महिन्याला साबण, तेल, कधी पोरींना ड्रेस असं काहीबाही घ्यायचे आणि बिल यायची वाट बघायचे. बिल आलं की मुदतीच्या दोन दिवस आधी भरायचे. कसं करायचं ते मला पक्कं माहीत होतं.

वर्षाने, म्हणजे यंदा फेब्रुवारीत, पत्र आणि मोठं कार्ड दोन्ही आलं. सोनेरी रंगाचं. ठेव मोकळी. जुनं कार्ड परत करून बंद करावं, असं पत्रात लिहिलं होतं. ते मी केलं नाही. दोन्ही कार्डं घेऊन मी दुपारी गाळ्यावर गेले. गर्दी ओसरली होती. पुष्पा शेवटचा गोळा हातावर झुलवत होती. मी दोन्ही कार्डं ओट्यावर तिच्यापुढे ठेवली आणि वाट बघू लागले. तिचा चेहरा पडेल, एक क्षण का होईना पडेल, यासाठी मी वर्षभर तेल-साबण विकत घेतला होता.

तिने मांडा खापरावर टाकला, हात पुसले, कार्ड उचललं आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हसली. अगदी मनापासून. म्हणाली, बरं झालं, आपल्या घरातल्या एका बाईचं तरी नाव झालं. तिला माझा हेवा वाटला नाही. इतका सुद्धा नाही. ते मला सहन झालं नाही आणि मी बोलत सुटले. बँक कशी वर्षभर परीक्षा घेते, मी कशी पास झाले, घाईघाईने पैसे भरायचेच नसतात, बिल येऊ द्यायचं असतं, आधी भरलं तर कागदावर शून्य दिसतं आणि शून्य म्हणजे काहीच नाही, साहेबांनी मला नीट समजावून सांगितलं होतं.

ती खापराकडे वळली होती, ती थांबली.

"कव्हय सांगं साहेबनी?"

मी म्हटलं, मागे.

"तो साहेब त बदली व्हईसन गया, मनं कार्ड कापं त्याना पहिलेच." ती हळूहळू बोलत होती, आकडे जुळवावेत तशी. "म्हनजे मी तुले पैसा भराले धाडू, तव्हय सांगं."

खापरावरचा मांडा करपायला लागला होता. तिने तो काढला, बाजूला ठेवला. मला वाटलं, आता ओरडेल, कार्डं रस्त्यावर फेकेल, चार लोक जमतील. तसं झालं असतं तर मीही ओरडले असते, चौदा वर्षांचं सगळं बाहेर काढलं असतं. तिने दोन्ही कार्डं पदराच्या टोकाने पुसली, कारण त्यांना पीठ लागलं होतं, आणि माझ्या हातात दिली.

"बस, अक्का," ती म्हणाली. "कणीक वाळी ऱ्हायनी."

मी बसले आणि कणीक मळली. दुसऱ्या दिवशीही गेले. ती नेहमीसारखीच बोलते. पैसे अजून सारखेच वाटते, अर्धे माझ्या हातावर ठेवते. सणाला माझ्याकडे ताट येतं. हे कुणाला सांगितलं असेल असं वाटत नाही, कारण अभिमनच्या किंवा सुकदेवांच्या वागण्यात फरक नाही. माझं जुनं कार्ड अजून बंद केलेलं नाही. पत्राची मुदत गेली, फीचं बिल आलं. दोन्ही कार्डं कपाटात आहेत आणि ती घेऊन कुठे जावं असं मला वाटत नाही.

मागच्या गुरुवारी पोस्टमन आला. पुष्पाच्या नावाचं पाकीट होतं, लांबट, खिडकीवालं. मी गाळ्याच्या ओट्यावरच बसले होते. पाकीट घ्यायला मी हात पुढे केला, सवयीने. पोस्टमन म्हणाला, नाही मावशी, बाईंनी सांगितलंय माझ्याच हातात द्या म्हणून. तेवढ्यात ती आतून आली, पाकीट घेतलं. मी चष्मा लावला होता. ती माझ्या समोरून पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या रुपचंदच्या औषधाच्या दुकानात गेली.

रुपचंदला येऊन सहा महिने झाले असतील. त्याने गिऱ्हाईक थांबवलं, पाकीट फोडलं आणि तिला वाचून दाखवू लागला. ती काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो सांगेल तो शब्द खरा, असा चेहरा करून. तो चेहरा मला ठाऊक आहे, चौदा वर्षं मी तो जवळून पाहिला आहे. तिच्या हातांचा मला हेवा वाटला, तिच्या नावाचा वाटला, तिच्या दुकानाचा वाटला. पण त्या दिवशी त्या औषधवाल्या रुपचंदचा जेवढा वाटला, तेवढा आजवर कुणाचाच वाटला नव्हता.